पोटखराब्यातलं अन्नजाळं: गॅरी पोलिस यांचा एक निबंध वाचताना

 

विषय जाहीर झाला तेव्हा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, आयुष्यभर कांट शिकवलात, आता हे किडे कुठून काढलेत?" मी म्हटलं, बाबा रे, किडे मी काढले नाहीत, ते होतेच. मी बघायला उशिरा लागलो. (हशा) पण त्याचा प्रश्न रास्त आहे. म्हणून आधीच सांगतो, आज मी कीटकशास्त्र शिकवणार नाही, तो माझा अधिकार नाही. मी एका निबंधाची समीक्षा करणार आहे. निबंध वाचणं, तो काय गृहीत धरतो ते शोधणं आणि कुठं घसरतो ते सांगणं, एवढंच मला येतं.

हा निबंध १९९१ साली 'द अमेरिकन नॅचरलिस्ट' या नियतकालिकात आला. लेखक गॅरी पोलिस. तेव्हा ते अमेरिकेत टेनेसीतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात होते. शीर्षकाचा मराठीत ढोबळ अर्थ असा: वाळवंटातले गुंतागुंतीचे अन्नसंबंध, आणि अन्नजाळ्यांच्या सिद्धान्ताची अनुभवाच्या आधारे केलेली चिकित्सा. शीर्षकात 'क्रिटीक' हा शब्द दिसला की कांटच्या विद्यार्थ्याचे कान टवकारतातच.

आता तुम्ही विचाराल, वाळवंटाचा आणि आपला काय संबंध? सरळ सांगायचं तर बीड वाळवंट नाही. आपल्याकडे वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पोलिस ज्या कॅलिफोर्नियातल्या कोचेला खोऱ्यात काम करत होते, तिथं त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतका. दुष्काळी आणि वाळवंटी हे दोन वेगळे शब्द आहेत, ते एकात एक मिसळू नयेत. पण मे महिन्यात भर दुपारी इथल्या माळावर उभं राहा. कुसळी गवत वाळून पिवळं पडलेलं, चार-दोन हिवर, बोरीची झुडपं, मुरमाड जमीन. बाहेरगावचा पाहुणा हमखास विचारतो, "इथं काहीच नाही का हो?" कोचेलातल्या वाळूकडे बघूनही लोक हेच विचारत. तो निबंध मी इथं आणतोय तो या 'काहीच नाही'साठी.

आधी, पोलिस कुणाशी भांडत होते ते बघू. आपण सगळे शाळेत एक चित्र काढलेलं आहे. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, ससाणा. मध्ये बाण. पाच गुण. माझ्या नातवानंही काढलं, आणि मीच त्याला ते सुबक काढून दिलं, त्याचं आता वाईट वाटतं. या अन्नसाखळीची कल्पना रूढ केली चार्ल्स एल्टन यांनी, १९२७ च्या 'अ‍ॅनिमल इकॉलॉजी' या पुस्तकात. गंमत अशी, की त्याआधी १९२३ मध्ये एल्टन आणि समरहेज यांनी उत्तर ध्रुवाकडच्या बेअर आयलंडचं जे गाजलेलं चित्र काढलं, ते जाळंच होतं. सगळीकडून सगळीकडे बाण. ते शाळेच्या पुस्तकापर्यंत पोचता पोचता त्याची साखळी झाली. शिकवायला सोपं म्हणून.

पण पोलिस यांचं भांडण शाळेच्या पुस्तकाशी नव्हतं, मोठ्या विद्वानांशी होतं. १९७० नंतर गणिती मंडळी या विषयात उतरली. रॉबर्ट मे यांनी १९७२ मध्ये 'नेचर'मध्ये एक छोटासा लेख लिहून विचारलं, मोठी आणि गुंतागुंतीची व्यवस्था स्थिर राहील का? जोडण्या यदृच्छया केल्या तर सहसा राहणार नाही, असं त्यांचं गणित सांगत होतं. १९७२! आपण इथं खडी फोडायला जात होतो आणि तिकडं स्थिरतेवर लेख येत होता. असो. पुढं जोएल कोहेन, स्टुअर्ट पिम यांनी ठिकठिकाणच्या अभ्यासकांनी छापलेली अन्नजाळी गोळा केली. कोहेन आणि सहकाऱ्यांच्या १९९० च्या पुस्तकात अशी ११३ जाळी आहेत. ती एकमेकांशेजारी ठेवून त्यांनी नियम काढले. साखळ्या आखूड असतात, दोन-तीन कड्यांच्या. वनस्पती आणि प्राणी दोन्ही खाणारे, किंवा वेगवेगळ्या पायऱ्यांवरचं खाणारे जीव कमी असतात. अ नं ब ला खावं आणि ब नं अ ला खावं, असे फेरे जवळपास नसतातच. आणि प्रत्येक जाळ्याच्या वरच्या टोकाला कुणीतरी राजा असतो, ज्याला कुणी खात नाही.

पोलिस यांचं म्हणणं थोडक्यात असं: हे नियम निसर्गाचे नाहीत, तुमच्या यादीचे आहेत.

इथं जरा थांबतो, कारण निबंधाचा गाभा हाच आहे. एखादा अभ्यासक तळ्यावर जातो. मासे ओळखतो, त्यांची नावं लिहितो. पाण्यातले बारीक किडे ओळखता येत नाहीत, म्हणून एकाच चौकटीत 'कीटक' असं लिहितो. त्याला ती आपली मर्यादा आहे हे ठाऊक असतं. मग दुसरा येतो, अशा शंभर याद्या एकत्र करतो आणि म्हणतो, बघा, निसर्गात खालच्या पायरीवर थोडेच प्रकार असतात. पहिल्याचं अज्ञान दुसऱ्याच्या हातात जाऊन निसर्गाचा गुणधर्म झालं! न्यायशास्त्रात आपण अनुपलब्धीवर वाद घालतो. घट दिसत नाही म्हणून घट नाही, हे म्हणायला एक अट आहे: असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून तो नाही, असं म्हणता येत नाही. पोलिस यांनी प्रतिपक्षाला नेमकी ही अट विचारली. त्यांना न्यायशास्त्र माहीत असण्याचं कारण नाही, पण वाळवंटात रात्री काढलेल्या माणसाला ही अट आपोआप कळते.

रात्री, कारण ते मूळचे विंचवाचे अभ्यासक. विंचू अतिनील प्रकाशात हिरवट-निळा चमकतो. तसला दिवा घेऊन फिरलं तर दिवसा ओसाड दिसणारी वाळू ठिपक्याठिपक्यांनी उजळते. आपल्याकडंही हे करून बघता येईल, मात्र पायांत बूट घालून. विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी केलेलं काम जगानं वाचलं, ते योग्यच झालं. पण विंचू चावतो याच्या पलीकडं तो रात्रभर काय खातो, त्याला कोण खातं, हे आपल्याला कुणी विचारलेलं नाही. पोलिस यांनी विचारलं. कोचेलातला एक विंचू शंभराहून जास्त जातींचे जीव खातो, असं त्यांच्या नोंदींतून दिसलं. त्यात किडे आहेत, कोळी आहेत, दुसऱ्या जातीचे विंचू आहेत आणि स्वतःच्या जातीचेही आहेत.

त्या एका खोऱ्यातली त्यांची मोजदाद ऐका. फुलझाडं वगैरे वनस्पती १७४ जाती. पाठीचा कणा असलेले प्राणी १३८. कोळी-विंचू वर्गातले ५५ हून जास्त. आणि कीटक? अंदाजे २,००० ते ३,००० जाती. आता सांगा, 'काहीच नाही' कुठं आहे?

त्यांनी दाखवलेले फेरे तर फारच बोलके आहेत. तिथं जमिनीतल्या बिळात राहणारं एक घुबड आहे. गोफर स्नेक नावाचा साप त्याची अंडी आणि पिल्लं खातो. आणि मोठं झालेलं घुबड त्याच सापाची पिल्लं खातं. ब्लॅक विडो ही कोळीण तीन जातींचे विंचू पकडून खाते, आणि ते तिन्ही विंचू तिला खातात. कोण वर, कोण खाली? हे वयावर, आकारावर, त्या रात्री कोण कुणाच्या तावडीत सापडलं यावर ठरतं.

आपल्याकडं राजनीतीत एक जुना शब्द आहे, मात्स्यन्याय. मोठा मासा लहानाला खातो. दंडशक्ती नसेल तर समाजाचं असं होईल, ही भीती घालण्यासाठी तो वापरला गेला. गृहीत असं, की निसर्गात मोठं-लहान हे ठरलेलं असतं. पोलिस यांचा निबंध वाचल्यावर मला वाटलं, मात्स्यन्याय हा माशांवरही अन्यायच आहे. मोठ्या माशाची अंडी लहान मासेच खातात की! उलट तैत्तिरीय उपनिषदात अन्न आणि अन्न खाणारा यांची जी चर्चा आहे, ती या वाळवंटाला जास्त जवळची आहे. तिथं खाणारा आणि खाल्ला जाणारा असे दोन वर्ग नाहीत, एकच जण दोन्ही आहे. आमच्या पुराणांत सगळं विज्ञान होतं, असं मी म्हणतोय असा कृपया अर्थ काढू नका; ते मी कधीच म्हटलेलं नाही. एवढंच, की 'भक्षक' आणि 'भक्ष्य' ही जातींची नावं नसून भूमिकांची नावं आहेत, हे समजायला आपल्याला परकं वाटायचं कारण नाही.

आता समीक्षकाचं काम. पोलिस मला पटतात, म्हणून त्यांना सोडायचं नाही.

प्रतिपक्षाशी तुलना करता यावी म्हणून त्यांनी स्वतःच्या जाळ्याचंही एक लहान रूप केलं. सगळे जीव ३० खान्यांत बसवले. तेवढ्यातही साखळ्यांची सरासरी लांबी सात कड्यांच्या वर गेली, आणि एकूण साखळ्या २२ हजारांच्या वर. मुद्दा सिद्ध झाला. पण ते ३० खाने नीट वाचा. सोनेरी गरुडाला स्वतंत्र खाना आहे. एकट्या एका पक्ष्याला. आणि जमिनीवर राहून पानं-खोडं खाणारे जेवढे म्हणून किडे-संधिपाद, त्या सगळ्यांना मिळून एक खाना! 'कीटक' असं लिहून मोकळं होऊ नका, हे दुसऱ्यांना सांगणाऱ्यानंही गणित करायची वेळ आली तेव्हा तेच केलं. ते प्रामाणिक होते, खरं जाळं याहून गुंतागुंतीचं आहे असं त्यांनी लिहून ठेवलंय. पण डोळा कुठं आधी जातो ते दिसलंच. आपलंही तेच. इथून जवळ पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांसाठी अभयारण्य आहे. चांगलं आहे. पण त्या मोराच्या पोटात वाळवी, नाकतोडे, भुंगेरे जातात, त्यांच्या नावाची पाटी कुठं लागणार?

दुसरी हरकत. ३० खान्यांत माणूस नाही. कोचेला खोऱ्यात खजुराच्या बागा आहेत, गोल्फची मैदानं आहेत, त्या सगळ्याला पाणी आणलेलं आहे. निबंधातली वाळू मात्र माणसावाचूनची. अभ्यासासाठी चौकट आखावीच लागते, मान्य. पण आपल्या माळावर ती चौकट आखताच येणार नाही. इथं शेळी आहे, कुऱ्हाड आहे, नांगर आहे, फवाऱ्याचा पंप आहे.

तिसरी हरकत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सगळं सगळ्याशी जोडलेलं आहे, असं म्हटलं की भजनाला बसल्यासारखं वाटतं. ज्ञान मात्र वाढत नाही. २२ हजार साखळ्या आहेत, बरं. त्यांतली कुठली तोडली तर काय पडेल? १९९१ चा निबंध याचं उत्तर देत नाही. तो खोटं पाडतो, आणि ते काम चोख करतो. पण खंडन म्हणजे मंडन नव्हे. याचं थोडं उत्तर त्यांच्याच आधीच्या प्रयोगात आहे. त्यांनी आणि मॅककॉर्मिक यांनी २९ महिन्यांत ६,००० हून जास्त विंचू वाळूतल्या ठरावीक तुकड्यांतून उचलून बाजूला केले. विंचू गेल्यावर कोळी वाढले. म्हणजे ज्यांना आपण एकाच भक्ष्यासाठी भांडणारे स्पर्धक समजत होतो, त्यांतला एक दुसऱ्याला खाऊन आटोक्यात ठेवत होता. अशी एकेक जोडणी हलवून बघितल्याशिवाय ती जाड आहे की बारीक, हे कळत नाही. पुढं त्यांनी डोनाल्ड स्ट्राँग यांच्याबरोबर १९९६ मध्ये या दिशेनं लिहिलं. आणि मार्च २००० मध्ये कॅलिफोर्नियाच्या आखातात बोट उलटून ते गेले. बरोबर त्यांचा एक सहकारी आणि तीन जपानी शास्त्रज्ञही गेले. त्यांतले ताकुया आबे वाळवीचे मोठे अभ्यासक होते. हे वाचलं त्या दिवशी मी पुढं वाचू शकलो नाही.

आता आपल्या माळावर येऊ. तुमच्यापैकी बहुतेकांनी सातबारा बघितलेला आहे. त्यात लागवडीयोग्य क्षेत्र असतं, आणि खाली 'पोटखराब' असतं. वर्ग अ, वर्ग ब. इथं 'पोट' म्हणजे आपलं पोट नव्हे. पोटहिस्सा, पोटभाडेकरू यांतलं ते पोट. गटाच्या आतला खराब तुकडा. खडक, मुरूम, ओघळ, जिथं नांगर चालत नाही तो भाग. महसूल खात्याच्या दृष्टीनं हे बरोबरच आहे, ज्यातून पीक नाही त्यावर आकारणी कशी करणार? तो शब्द कराच्या हिशोबाचा आहे. पण हिशोबाचा शब्द कागदावरून उठून जमिनीवर जाऊन बसतो. आपण म्हणायला लागतो, "ती जमीन खराबच आहे." कोहेन यांच्या यादीत जे झालं तेच आपल्या यादीत झालं. मोजलं नाही, म्हणून नाही. आणि नाही, म्हणून आता तिथं काहीही केलं तरी चालेल.

त्या खराब तुकड्यात काय चालतं ते मृगाच्या आधीच्या पहिल्या वळवाला बघावं. एका संध्याकाळीत सगळं वर येतं. वाळवीचे पंखवाले किडे दिव्यावर झेपावतात. हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून अंधार पडता पडता कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर जमतात, तिथं पानं खातात, तिथंच त्यांचं लग्न लागतं. लाल मखमली मृगाचा किडा दिसतो. तो कीटक नाही बरं का, कोळ्यांच्या नात्यातला आहे. मरणकाळी मुंगीला पंख फुटतात असं आपण गर्विष्ठ माणसाला टोमणा मारायला म्हणतो. पण त्या रात्री बेडूक, पाल, विंचू, कोतवाल सगळ्यांचं वर्षातलं मोठं जेवण होतं, ते याच पंखांवर. इम्मान्युएल नॉय-मेअर नावाच्या अभ्यासकानं १९७३ मध्ये वाळवंटाबद्दल हेच सांगितलं. पाऊस आला की उसळी, आणि मग साठा: बियांत, मुळांत, अंड्यांत. बाकीचे महिने साठ्यावर. आपण बाकीच्या महिन्यांत जाऊन बघतो आणि ओसाड म्हणतो.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. वडिलांची हलकी जमीन आहे, चार एकर आणि वर थोडा पोटखराबा. २००५ नंतरच्या तीन-चार वर्षांत गुजरात, पंजाब आणि आपल्याकडं कपाशीवर पिठ्या ढेकूण आला, ते अनेकांना आठवत असेल. कापसाच्या शेंड्यावर पीठ शिंपडल्यासारखं पांढरं. मी नुकताच शेतीत लक्ष घालायला लागलो होतो. दुकानदारानं दिलेलं औषध दोनदा मारलं, वर पोटखराब्यातलं आणि बांधावरचं गाजरगवत उपटून जाळलं, कारण तो ढेकूण त्यावरही दिसत होता. शेजारच्या काकूंकडं औषधाला पैसे नव्हते. त्यांनी काही केलं नाही. त्यांची कपाशी माझ्याहून आधी सावरली. एका शेतावरून सिद्धान्त काढू नये, हे मी वर्षानुवर्षं वर्गात सांगितलेलं आहे, म्हणून मी तो काढत नाही. पण त्या वर्षांत देशभर काय झालं ते नोंदलेलं आहे. एक बारीक, गांधीलमाशीच्या जातकुळीतला कीटक त्या ढेकणाच्या अंगात अंडी घालू लागला. कुणी सोडला नव्हता, आपणहून आला. २००९ मध्ये त्याचं नाव ठेवलं एनासियस बंबावालेई, डॉ. बंबावाले यांच्या नावावरून. चला, एका किड्याला तरी मराठी आडनाव मिळालं! (हशा) तेही टिकलं नाही. २०१४ मध्ये लक्षात आलं, की हा तर अमेरिकेत आधीच नाव मिळालेला एनासियस ॲरिझोनेन्सिस. ॲरिझोनाचा. आणि त्या पिठ्या ढेकणाचं पहिलं वर्णन कुठलं? १८९८, न्यू मेक्सिको, मुंग्यांच्या वारुळातून. म्हणून तर त्याच्या नावात सोलेनॉप्सिस ही मुंगी आहे. म्हणजे अमेरिकेतल्या कोरड्या मुलखातल्या जाळ्याचा एक तुकडा, खाणारा आणि खाल्ला जाणारा दोघंही, आपल्या कपाशीत येऊन पुन्हा जुळला. आणि मी बांधावरचं गाजरगवत जाळून ढेकणाबरोबर त्याचा शत्रूही जाळत होतो.

कृषी-पत्रकात दोन रकाने असतात, मित्रकीटक आणि शत्रूकीटक. शेतकऱ्याच्या सोयीसाठी ते लागतात, मी त्यांची थट्टा करत नाही. पण मुंगी कुठल्या रकान्यात लिहाल? ती बोंडअळीची अंडी आणि लहान अळ्या उचलून नेते, म्हणून मित्र. पिठ्या ढेकणाच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा तिला हवा असतो, म्हणून त्याची राखण करते, त्या बारीक कीटकाला जवळ येऊ देत नाही, म्हणून शत्रू. ढालकिडा ढेकूण खातो. त्या ढेकणाच्या आत मित्राची अळी वाढत असेल तर तीही त्याबरोबर खाल्ली जाते. आणि बोंडअळीचं काय झालं, ते तुम्ही २०१७ मध्ये बघितलंच. २००२ मध्ये बीटी कापूस आला. एक अळी, एक झाड, एक विष, अशी साखळीची सरळ रेघ. काही वर्षं फवारणी कमी झाली, हा फायदा खराच होता, तो नाकारू नये. पण फवारणी कमी झाल्यावर तुडतुडे, पिठ्या ढेकूण अशा रस शोषणाऱ्यांना मोकळीक मिळाली, आणि गुलाबी बोंडअळीनं शेवटी विषच पचवलं. रेघ काढणाऱ्यांनी जाळं गृहीत धरलं नव्हतं.

आणखी एक उदाहरण, जरा गोड. बालाघाटाचं सीताफळ. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. डोंगरउतारावरचं, मुरमातलं, कुणी न लावलेलं झाड. म्हणजे कागदावर बघितलं तर पोटखराब्याचंच पीक. त्याचं फूल बघितलंय? जाड पाकळ्यांचं, हिरवट, मिटल्यासारखं. मधमाशी तिकडं फारशी फिरकत नाही. त्यात शिरतात तांदळाच्या दाण्याहून लहान भुंगेरे, आंबूस वासानं ओढलेले. फूल आधी मादी असतं, नंतर नर होतं. एका फुलातला पराग अंगाला लावून भुंगेरा दुसऱ्यात शिरला तरच फळ धरतं. आणि हे भुंगेरे वाढतात कुठं? झाडाखाली पडून सडलेल्या फळांत. आपण बाग स्वच्छ करतो, सडकी फळं उचलून टाकतो, आणि मग फळधारणा कमी का, म्हणून विचारतो. फळमाशी, ढेकूण यांच्यासाठी सडकी फळं उचलावी लागतात हेही खरं आहे. दोन्ही खरं आहे, अडचण तीच. त्याच झाडाच्या बियांची पूड आजी उवा मारायला वापरायची, हे आणखी वर. (एक श्रोता: डोळ्यात जाऊ द्यायची नाही म्हणायची.) बरोबर, डोळ्याला फार वाईट.

हे सगळं आज मांजरसुंब्यात का बोललो, ते सांगून थांबतो. गावोगाव गायरानांचं आणि माळांचं काय करायचं, याच्या बैठका चालू आहेत. सौरऊर्जेसाठी द्यायचं, झाडं लावायची, की सपाट करून वहितीखाली आणायचं. सौरऊर्जेला माझा विरोध नाही. शेताला दिवसा वीज मिळत असेल तर मी कोण नको म्हणणारा? झाडांना तर कुणाचाच नसतो, फक्त कुसळीच्या माळावर दाट झाडी लावली की माळ संपतो, एवढं लक्षात असू द्यावं. माझी हरकत एका रकान्याला आहे. मागच्या महिन्यात असाच एक कागद माझ्यापुढं आला. गावातला जुना माणूस म्हणून सही हवी होती. जमिनीचं वर्णन, क्षेत्र, आणि त्याखाली 'सध्याचा वापर'. तिथं आधीच टाईप करून आणलं होतं, 'नाही'.

कागद घेऊन आलेला मुलगा भला होता, माझ्या नातवाच्या वयाचा. मी त्याला म्हटलं, बाळा, 'नाही' हे कुणी बघून लिहिलंय? कुठल्या महिन्यात? दिवसा की रात्री? तो म्हणाला, "आजोबा, फॉर्मेटच तसा आहे." मी 'नाही' खोडून 'मोजलेला नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली. तो कागद परत आलाय, दुरुस्ती चालणार नाही म्हणून. पुढची बैठक पावसानंतर आहे. पहिल्या वळवाच्या रात्री मी गायरानावर पांढरी चादर आणि दिवा घेऊन बसणार आहे. शाळेतले दोन शिक्षक येतो म्हणालेत. दिव्यावर येईल त्याचा फोटो काढायचा, नाव माहीत असेल ते लिहायचं, नसेल तिथं आकडा टाकायचा. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर या, बूट घालून या, आणि येताना जेवण बरोबर आणा.

आता प्रश्न असतील तर विचारा.